बेल, मेबल गार्डिनर
(२५ नोव्हेंबर १८५७ – ३ जानेवारी १९२३). बधिरांचे शिक्षक व दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या विद्यार्थिनी व पुढे सहधर्मचारिणी. जन्म अमेरिकेतील केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथे, नामांकित वकील गार्डिनर ग्रीन हबर्ड यांच्या घरी. पाचव्या वर्षाच्या सुमारास लोहितांग ज्वराने त्यांची श्रवणशक्ती गेली. परंतु तोवर मुखी बसलेली भाषा घरच्यांनी नेटाने राखली आणि ओष्ठवाचनात त्या इतक्या निष्णात झाल्या, की बोलणाऱ्याच्या मुखावर उजेड असला म्हणजे संभाषण सहसा अडत नसे.

१८७३ मध्ये उच्चारशुद्धीसाठी त्या बॉस्टन येथे बेल यांच्याकडे शिकू लागल्या. वयाने दहा वर्षांनी वडील, वेषाने गबाळे असे हे गुरू त्यांना प्रथम मुळीच रुचले नाहीत. बेल यांचे मन मात्र त्यांच्यावर जडले. १८७५ च्या उन्हाळ्यात बेल यांनी आपला विवाहाचा मनोदय हबर्ड दांपत्यापुढे मांडला, तेव्हा मुलगी लहान म्हणून वर्षभराची मुदत घालण्यात आली. पण तेवढा धीर त्यांना धरवला नाही, व मेबल नॅनटकेट बेटावर असता ते तेथवर गेले आणि भेटीऐवजी एक दीर्घ पत्र धाडून परतले. होकार मेबल यांनी स्वेच्छेने, आपल्या अठराव्या वाढदिवशी दिला. गुरुशिष्यांच्या विषम नात्यात हे स्वातंत्र्य मोलाचे होय. ११ जुलै १८७७ रोजी विवाह झाला, आणि बेल यांनी दूरध्वनी कंपनीतील आपल्या १,४९७ भागांपैकी अवघे दहा राखून बाकीचे पत्नीच्या नावे केले.

त्यापूर्वी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनास जाण्याचे बेल टाळीत होते. मेबल यांनी त्यांचे सामान बांधून त्यांना स्थानकावर नेले, आणि ते हरकती सांगू लागताच त्यांच्या ओठांवरून दृष्टी काढून घेतली, म्हणजे वादच खुंटला. त्या प्रदर्शनात ब्राझीलच्या सम्राटांसमक्ष दूरध्वनीची ख्याती झाली. १९०७ मध्ये बेल यांच्या विमानविद्येच्या प्रयोगमंडळासही द्रव्य मेबल यांनीच पुरविले.

हे दांपत्यप्रेम निःसंशय उत्कट होते. तथापि भाषा अवगत झाल्यावर बधिर झालेल्या एका संपन्न घरच्या कन्येचे यश जन्मबधिरांनाही लागू करण्याचा बेल यांचा आग्रह मान्य करता येत नाही. त्यांनी हस्तचिन्हांच्या भाषेला विरोध केला आणि १८८३ च्या प्रबंधात बधिरांनी परस्परांत विवाह करणे अनिष्ट ठरविले. चिन्हांऐवजी उच्चार व ओष्ठवाचन यांवर भर देणाऱ्या या मौखिक पद्धतीचा पगडा अमेरिकेपुरता राहिला नाही. १८८५ मध्ये मुंबईत मूकबधिरांची शाळा निघाली, त्यानंतर आपल्याकडेही चिन्हभाषा दीर्घकाळ वर्गाबाहेरच राहिली, आणि मुले ती मधल्या सुटीत एकमेकांकडून शिकत आली.