'अपोडा' : एका पक्षिनामाचा इतिहास

ग्रीक भाषेत 'अपूस' म्हणजे पाय नसलेला. संस्कृत 'अपद्' हा त्याचाच सगोत्र शब्द. पाकोळीसारख्या पक्ष्यांस हे विशेषण पाय दुबळे असल्यामुळे लावितात, असे ॲरिस्टॉटलने नोंदविले आहे. लिनिअसने १७५८ मध्ये न्यू गिनीकडील स्वर्गपक्ष्यास 'पॅराडिझिया अपोडा' म्हटले, ते मात्र निराळ्या कारणाने. या पक्ष्याचे पाय चांगले बळकट असतात. परंतु तेथील लोक पाय कापूनच कातडी विकीत, आणि त्यावरून तो आमरण आकाशातच विहरतो अशी कथा युरोपात रूढ झाली. मॅगेलनच्या मोहिमेतून १५२२ मध्ये परतलेल्या पिगाफेट्टाने त्याच्या पायांचे वर्णन केले होते. पण कथेपुढे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे कोण ऐकतो? अर्थ अयथार्थ असणे हे नामत्यागाचे कारण नव्हे, असा नामकरणाचा नियम असल्याने 'अपोडा' आजही कायम आहे.