तेल्याचे घर : तळटीप
१२. केवळ घाण्यावर भागणारे घर विरळाच. पावसाळ्यात तेली तिफण धरी, सुगीनंतर घाण्याची लाट फिरवी, बैल तेच. विदर्भात घाण्याला किती बैल जुंपत यावरून एकबैले-दोनबैले, तर इतरत्र घाणा कोणत्या वारी बंद ठेवत यावरून शनवारे-सोमवारे अशा पोटजाती ओळखल्या जात. तीळ, करडई, जवस बहुधा गिऱ्हाइकाचेच असत. तेल मापून देणे, उधारी लक्षात ठेवणे ही कामे घरातली बाई करी. म्हणून मूळ मजकुरात लेखकाने आईला ‘हाताखालची’ म्हणावे, हे पटत नाही. तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे तेलाच्याच व्यवसायातले. १९३० नंतरच्या दशकात वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी घाणा सुधारला, पण तोवर गिरणीचे स्वस्त तेल बाजारात आले होते.