चाळीस सेंटिमीटरचा एल्म

मॉडेल रेल्वेच्या फोटोंत मी आधी इंजिन बघत नाही, झाडं बघते. इंजिनाचा एकेक खिळा मोजणारी माणसं झाडांच्या बाबतीत बिनधास्त थाप मारतात. हिशेब करून बघा. इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या १:७६ या प्रमाणात एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर. म्हणजे इंजिन साधारण ५ सेंटिमीटर उंच. आणि शंभर फुटी एल्म? ४० सेंटिमीटर! एवढं झाड शेजारी उभं केलं की स्टेशन बिचारं केविलवाणं दिसतं. मग बहुतेक जण वीतभर झाडावर भागवतात.

सामानही पूर्वी जुजबीच असायचं. रंगवलेला भुसा, नाहीतर रंगवलेलं लायकेन. (आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंडच ते.)

रॉय इंग्लंड १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला. ऑक्सफर्डजवळच्या व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवताने शाकारलेली जुनी घरं डोळ्यांदेखत बदलत होती. ती निदान छोट्या रूपात तरी जपायची, असं त्याने ठरवलं. त्यातूनच १९५४ मध्ये लाँग विटनम गावात पेंडन म्युझियम उभं राहिलं. तिथलं खोरं १९३० च्या आसपासचं आहे, आणि तेव्हाचं खोरं म्हणजे बांधाबांधावर एल्म.

ते एल्म पुढे गेलेच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या ओंडक्यांबरोबर एक बुरशी आली आणि सालीतल्या भुंगेऱ्यांनी ती झाडोझाड पोचवली. ब्रिटनमधले अडीच कोटींहून जास्त एल्म मेले. इंग्लिश एल्म बीपासून जवळजवळ उगवतच नाही, मुळांच्या फुटव्यांतून पसरतो. २००४ मधल्या जनुकीय अभ्यासानुसार ही सगळी झाडं एकाच रोमनकालीन झाडाच्या नकला. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं.

मॉडेलमध्ये मात्र दोन झाडं सारखी दिसली की खेळ खलास. बारीक तारांची जुडी घ्यायची, बुंध्यापुरती घट्ट पिळायची, मग तिच्या फांद्या, फांद्यांच्या उपफांद्या. शेवटी एक सुटी तार म्हणजे एक डहाळी. वरून गोंद-प्लास्टरच्या लेपाची साल. खोडाला तपकिरी रंग द्यायचा मोह टाळायचा, खरी खोडं बहुधा राखाडी असतात. मग ताणून विरळ केलेले तंतू आणि त्यावर हिरव्या फोमचा चुरा. इथे हात आखडता हवा, पानांमधून आकाश दिसलं पाहिजे. एल्मचा घेर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, मध्ये कंबर असलेला. ती कंबर जमली नाही तर ते कुठलंही झाड होतं.

पण ती बघायची कुठे? एल्मचे फुटवे कुंपणांत अजून येतात. खोड जरा जाड झालं की भुंगेरे त्यांनाही गाठतात. त्यामुळे आजचा कारागीर जुने फोटो समोर ठेवून तार पिळतो, नाहीतर समुद्रकाठच्या ब्रायटनला जातो. तिथे रोगट झाडं वेळेवर तोडून बाकीचे एल्म वाचवलेत.