कळव्याला खंड सुरू होतो

माझं घर डोंबिवलीला आणि ऑफिस ऐरोलीला. नकाशावर सरळ रेघ मारली तर दोन्हींत जेमतेम ११ किलोमीटर अंतर आहे. पण रोज सकाळी मी आधी ठाण्याला जातो, गर्दीतून जिना चढतो-उतरतो, ट्रान्सहार्बरची गाडी पकडतो आणि खाडी ओलांडून पुन्हा दक्षिणेला येतो. हा उलटा वळसा कुणाच्या डोक्यातून निघाला असेल, असा प्रश्न मला तीन वर्षं पडत होता.

एका पावसाळी सकाळी गाडी खाडीच्या पुलावर थांबून राहिली. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून फोनवर नकाशा उघडला आणि सहज, जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा पर्याय निवडला. माझ्या घराच्या आणि ऑफिसच्या मधोमध पारसिकचा डोंगर आडवा पडलेला होता. वळसा कुणी मुद्दाम आखला नव्हता. डोंगर आधीपासून तिथं होता, रूळ नंतर आले.

त्या नकाशात आणखी एक गोष्ट दिसली. ठाणे बेटावर आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हासचं मुख म्हणजे वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि मधे साष्टी. मुंबईची जुनी बेटं भराव घालून दक्षिणेकडून याच साष्टीला जोडली गेली. म्हणजे कुलाब्यापासून ठाणे स्टेशनपर्यंत आपण बेटावरच असतो. गाडी खाडीचा पूल ओलांडते आणि कळव्याला आशिया खंड सुरू होतो. मी रोज सकाळी खंडावरून बेटावर जातो, आणि दहा मिनिटांत परत खंडावर येतो.

शाळेत आपण ठाण्याचा किल्ला पाठ केला, पण तो तिथंच का, हे कुणी विचारलं नाही. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये मराठ्यांकडून. खाडी इथं चिंचोळी होते. बेटावरून खंडावर जायचं दार इथं आहे, आणि दार ज्याच्या हातात त्याच्या हातात साष्टी.

आता थोडं मागे जाऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा तो वेगळा भूखंड होता. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. आजही या काळ्या कातळानं सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. कळसूबाई, पारसिक, कान्हेरीची लेणी, रुळांखालची खडी, सगळं त्याच लाव्हाचं.

त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच आजची सेशेल्स बेटं ज्या तुकड्यावर आहेत, तो भारताच्या पश्चिम कडेपासून सुटला. ती कड ताणली गेली, वाकली. घाटमाथ्यावर लाव्हाचे थर वहीच्या पानांसारखे आडवे दिसतात. पनवेलच्या आसपास मात्र ते पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. जॉन बिकनेल ऑडेन या भूशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये या वाकलेल्या पट्ट्याबद्दल लिहिलं आणि तो ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हा ऑडेन प्रसिद्ध इंग्रजी कवीचा भाऊ. नोकरी भारताच्या भूवैज्ञानिक खात्यात.

कडेची झीज होत होत कडा पूर्वेकडे सरकत गेला. आज कसाऱ्याला उभी दिसते ती सह्याद्रीची भिंत म्हणजे हा झिजलेला कडा, आणि तिच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत उरलेली सखल पट्टी म्हणजे कोकण. आपले टूबीएचके या पट्टीवर आहेत.

या भिंतीवरून पावसाचं पाणी खाली येतं. खंडाळा-राजमाचीच्या बाजूनं उल्हास येते, कर्जत-बदलापूरवरून. हरिश्चंद्रगड-माळशेजच्या बाजूनं काळू येते. कसाऱ्याकडून भातसा येते आणि काळूला मिळते. मग काळू कल्याणजवळ उल्हासला मिळते, आणि तिथंच समुद्राची भरती या पाण्याला भेटते. आता यातल्या प्रत्येक नदीच्या खोऱ्यातून उलटं वर चढत जा. उल्हासच्या वाटेनं बोरघाट लागतो, काळूच्या बाजूनं माळशेज आणि नाणेघाट, भातसाच्या बाजूनं थळघाट. देशावर चढायच्या तिन्ही वाटा खाली कल्याणला एकत्र येतात, आणि तिथपर्यंत गलबत येऊ शकतं.

कल्याण जंक्शन कुणी बांधलं, तर माझ्या मते या नद्यांनी. माणसांनी त्याचा उपयोग केला.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण ‘कल्लिएना’ या नावानं येतं. आधी तिथं रीतसर व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली आणि तिथं येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असं त्यात म्हटलंय. म्हणजे बंदर इतकं मोलाचं होतं की ते बंद पाडण्यात कुणाचा तरी फायदा होता. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दाते सापडतात. वर नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे आणि दगडाचा तो मोठा रांजण, ज्यात जकात टाकत असं सांगतात. ट्रेकला गेलात तर खाली मुरबाडकडे बघा. तिथून पायवाट जिथं उतरते, तोच कल्याणचा रस्ता. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि मराठी आरमाराची सुरुवात या खाडीत झाली. घाट पाठीशी आणि पाणी पुढ्यात, अशी दुसरी जागा जवळपास नव्हती.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला थांबली. पाठ्यपुस्तकही तिथंच थांबतं. पण ठाण्यापर्यंतची गाडी म्हणजे बेटाच्या आतल्या आत धावलेली गाडी. कंपनीच्या नावात ‘पेनिन्सुला’ म्हणजे द्वीपकल्प होतं, आणि त्या द्वीपकल्पाला रूळ लागले ते पुढच्या वर्षी: १ मे १८५४ ला, खाडीवर पूल बांधून, पारसिकमध्ये छोटे बोगदे खणून गाडी कल्याणला पोचली.

कल्याणनंतर रूळ दुभंगले आणि जुन्याच खोऱ्यांतून वर गेले. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांना बोरघाटात सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरचा चढ काढायचा होता. २५ बोगदे लागले. एका टप्प्यावर ४० हजारांहून अधिक मजूर तिथं राबत होते. कॉलरा आणि तापानं त्यांतले हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्या वारला. काम त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेलनं चालू ठेवलं. तिचं नाव तरी आपल्याला माहीत आहे. सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या मजुरांची नावं कुठल्याही स्टेशनला नाहीत.

पारसिकचा मोठा बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. लहानपणी फास्ट लोकल त्यातून जायची आणि अंधार झाला की आम्ही पोरं जोरात ओरडायचो. आता ऐरोली-काटई रस्त्यासाठी त्याच डोंगरातून नवा बोगदा खणला आहे. तो सुरू झाला की माझा वळसा वाचेल. डोंगर तोच, भोक तिसऱ्या शतकातलं.

इतकं सगळं मी हौसेनं वाचलं, असं सांगितलं तर ते अर्धसत्य होईल. आम्ही घर शोधतोय.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच वेळी इकडे उल्हास कल्याण-बदलापुरात शिरली होती. मी आठ वर्षांचा होतो. आम्ही तेव्हा कल्याणला तळमजल्यावर राहायचो. आईनं मला आणि गॅसच्या शेगडीला एकाच वेळी माळ्यावर चढवलं होतं, एवढं स्पष्ट आठवतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. बातम्यांत ‘रुळांवर नदी आली’ म्हणत होते. नदीच्या बाजूनं बघितलं तर तिच्या पूरमैदानात रूळ आले होते.

गेल्या महिन्यात आम्ही खाडीजवळचा एक प्रकल्प बघायला गेलो. सातवा मजला, बाल्कनीतून पाणी दिसतं, ब्रोशरवर फ्लेमिंगो. बाबा खाली उतरून कुंपणापलीकडे बघत राहिले. म्हणाले, ‘‘इथं खाजण होतं. भरतीला पाणी इथपर्यंत यायचं.’’

मी सेल्सच्या मुलाला विचारलं, भराव किती घातलाय? पावसात भरती असताना पाणी कुठून निघतं? तो माझ्याच वयाचा. त्यानं आधी टॅबवर काहीतरी शोधलं, मग म्हणाला, ‘‘सर, सातव्या मजल्यावर पाणी येणार नाही.’’

बरोबर आहे. पण मी सातव्या मजल्यावर राहणार असलो तरी भाजी, शाळा, रिक्षा, लिफ्टचं मशीन सगळं खालीच असणार. आणि भरावामुळे हटलेलं पाणी शेजारच्या चाळीत जाणार, जिथं कुणीतरी पोराला माळ्यावर चढवत असेल.

टोकन अजून भरलेलं नाही. बायको म्हणते, इतकं बघत बसलास तर या पट्ट्यात एकही घर मिळायचं नाही. तिचंही खरं असेल. तोपर्यंत मी रोज खाडी ओलांडताना गाडीच्या दारातून पाण्याची पातळी बघतो. भरती किती वाजता आहे, ते हल्ली मला लोकलच्या टायमिंगसारखं पाठ असतं.