डॉ. नोशीर वाडिया : संशोधन आणि त्याचे मोजमाप

भारतात मज्जाविकारशास्त्राचा पाया घालणाऱ्या मोजक्या वैद्यांमध्ये डॉ. नोशीर होरमसजी वाडिया (१९२५–२०१६) यांची गणना होते. त्यांचा जन्म सुरत येथे झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर ते लंडनला गेले आणि ख्यातनाम मज्जाविकारतज्ज्ञ रसेल ब्रेन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. मायदेशी परतल्यावर १९५७ मध्ये त्यांनी ग्रँट महाविद्यालय व जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग सुरू केला. पुढे ते जसलोक रुग्णालयाच्या मज्जाविकार विभागाचे संचालक झाले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला.

त्यांच्या संशोधनाचे साहित्य म्हणजे बाह्यरुग्ण विभागात येणारे रुग्ण. मानेतील पहिले दोन मणके जन्मतः निसटलेले असल्याने मज्जारज्जू दबून हातपाय लुळे पडतात. अशा २८ रुग्णांचा अभ्यास त्यांनी १९६७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडला. १९७१ मध्ये डोळे येण्याची एक नवी साथ मुंबईत पसरली. त्यानंतर काही रुग्णांना पोलिओसारखा पक्षाघात झाल्याचे वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले आणि ‘लॅन्सेट’मधून त्यांनी ते जगासमोर ठेवले. किरकोळ समजल्या जाणाऱ्या नेत्रविकाराचा विषाणू मज्जारज्जूलाही इजा करू शकतो, हे त्यातून उघड झाले.

त्यांचा सर्वाधिक परिचित निबंधही १९७१ चाच. आर. के. स्वामी यांच्यासह ‘ब्रेन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात नऊ कुटुंबांचे वर्णन आहे. या कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या विकारात तोल जाई, बोलणे अडखळे; आणि त्याबरोबरच डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होई. निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसरीवर क्षणार्धात झेपावते. या रुग्णांची नजर मात्र संथपणे सरकत जाते. ही खूण पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. वैद्याची दोन बोटे पुरतात: एका बोटावरून दुसऱ्याकडे झटकन पाहण्यास रुग्णाला सांगायचे आणि त्याच्या डोळ्यांकडे लक्ष द्यायचे.

या विकाराचे मूळ उलगडण्यास पाव शतक लागले. १९९६ मध्ये तीन संशोधक गटांनी बाराव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक शोधून काढले. त्या जनुकातील तीन अक्षरांचा एक तुकडा प्रमाणाबाहेर पुनरावृत्त होतो आणि त्यातून ‘एससीए-२’ हा आजार उद्भवतो. १९९८ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, वाडिया पुन्हा याच विषयाकडे वळले. सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास ‘ब्रेन’मध्येच प्रसिद्ध करून त्यांनी निदानात मंद नेत्रगतीचे महत्त्व अधोरेखित केले. २०१० मध्ये याच जनुकातील मध्यम लांबीच्या पुनरावृत्तीचा संबंध ‘एएलएस’ या असाध्य स्नायुदुर्बलतेच्या धोक्याशी असल्याचे दिसून आले.

अशा कार्याचे मोल आकड्यांत कसे मांडावे? एका निबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला, हे मोजण्याची पद्धतशीर सूची यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये सुरू केली. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. एखाद्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल, आणि अकरा निबंधांना हीच कसोटी लावता येत नसेल, तर त्याचा निर्देशांक दहा. या रीतीत एखादा निबंध कितीही गाजला तरी निर्देशांकात त्याची भर एकाचीच. नऊ कुटुंबांचे धीराने केलेले वर्णन आणि घाईने लिहिलेला सामान्य लेख, दोन्ही पुरेसे उल्लेख मिळताच समान ठरतात.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. एखादे निरीक्षण पाठ्यपुस्तकात रुजले की मूळ लेखकाचा उल्लेख करण्याची कोणाला गरज वाटत नाही; समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेकडे लक्ष वेधले होते. मंद नेत्रगती आज जगभरचे वैद्य तपासतात. त्यांपैकी प्रत्येकाने १९७१ चा निबंध वाचलेला असतोच असे नाही. ज्ञान सर्वांचे झाले की कर्त्याचे नाव गळते आणि उल्लेखांचा आकडा प्रभावापेक्षा तोकडा राहतो.

केवळ नियतकालिकाच्या आकड्यांवरून संशोधकाची पारख करू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेला जाहीरनामा सांगतो. हा प्रश्न निव्वळ विद्वानांच्या प्रतिष्ठेचा नाही. बढतीसाठी निबंधांची संख्याच पाहिली गेली, तर शासकीय रुग्णालयातील तरुण वैद्य एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची नोंद ठेवण्यात वर्षे घालवणार नाही. एससीए-२ असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय चाचणी कोणाची करावी, हे ठरवण्यास वैद्याला आजही डोळ्यांची ती संथ हालचालच मदत करते.