मुंबई–कोलकाता : तीन दिवस ते पावणेतीन तास

गणपतीच्या तयारीला मंडळी जमली की गावी जाण्याच्या गप्पा निघतात आणि कोणीतरी हमखास विचारते, "विमानाने किती वेळ लागतो हो?" कोलकाता–मुंबई पावणेतीन तास, हे आता मुलेसुद्धा सांगतात. पण एवढे मोठे अंतर इतके लहान कसे झाले? मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला अभियंता, तेव्हा सुरुवात रुळांपासूनच करतो.

मुंबई–ठाणे गाडी १८५३ मध्ये आणि हावडा–हुगळी १८५४ मध्ये सुरू झाली. पण ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली जायला १८७० साल उजाडले. त्या वर्षी ७ मार्चला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जबलपूरचा मार्ग खुला झाला. अलाहाबादवरून जाणारा हा रस्ता २१०० किलोमीटरहून लांब होता. ज्यूल व्हर्नने आपल्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत या प्रवासाला तीन दिवस धरले आहेत.

पुढे बंगाल–नागपूर रेल्वेने जवळचा मार्ग आखला. १९०० मध्ये कोलाघाटला रूपनारायण नदीवर पूल झाला आणि आपले खरगपूर हावड्याशी जोडले गेले. नागपूरमार्गे अंतर भरते १९६८ किलोमीटर. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी याच मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. वर्गभेद नसलेली, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे असलेली ती पहिली लांब पल्ल्याची गाडी. आज ती सुमारे एकतीस तास घेते.

विमानाचे अंतर मात्र अंदाजे १६६० किलोमीटरच. रुळांना चढ बघावा लागतो, नदी कुठे ओलांडायची ते बघावे लागते. कसारा–इगतपुरी घाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावतात. विमानाला यातले काही नाही. त्याला बघायचा तो वारा! वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, विशेषतः हिवाळ्यात, म्हणून मुंबईहून येताना वेळ थोडा कमी लागतो.

गंमत म्हणजे हवाई मार्गावरही नागपूर जवळजवळ सरळ रेषेत येते. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत. टपालाची आणि उतारूंची अदलाबदल करून पहाटे आपापल्या गावी परतत.

आता थोडे घरचे. आमचे घर भुसावळचे. २००६ मध्ये वडील गेल्याचा फोन आला. मिळेल त्या गाडीने निघालो. गाडी अगदी वेळेवर होती, तरी बावीस तास लागले. पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. दोष कोणाचाच नव्हता, अंतरच तेवढे होते.

काही वर्षांनी आई आजारी पडली, तेव्हा कोलकात्याहून नागपूरला विमानाने गेलो. विमानात दोन तासही बसलो नाही, पण विमानतळ गाठणे, तिथले थांबणे आणि नागपूरहून पुढची गाडी धरून घर ते घर चौदा तास झाले. तरी आठ तास वाचले. आई शुद्धीवर होती, मला बघून म्हणाली, "आलास? जेवलास का?"

तेव्हापासून कोणी किती वेळ लागतो विचारले, की मी आधी विचारतो, "कोणाच्या दारापर्यंत?"

गणपती बाप्पा मोरया!