सातबारा लाखांदूरचा, पगार डॉलरचा

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला लाखांदूर तालुका हा धानाचा प्रदेश. संपत्ती म्हणजे धानाची बांधी, हे समीकरण येथे पिढ्यान्पिढ्यांचे आहे. त्यामुळे अशा घरातील मुलगा अमेरिकेत वा आखाती देशात नोकरीला लागला, की त्याच्या बचतीतून गावालगत दोन एकर घ्यावे, असे वडिलांना वाटणे स्वाभाविक ठरते. मात्र नेमकी हीच गुंतवणूक कायद्याला मान्य नाही.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा अर्थात ‘फेमा’ १ जून २००० पासून अमलात आला. नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती, तिचा पासपोर्ट भारतीय असला तरी, या कायद्यान्वये अनिवासी ठरते. अनिवासी भारतीयास घर, दुकान वा बिगरशेती भूखंड घेता येतो; शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. बक्षीसपत्रानेही शेतजमीन स्वीकारता येत नाही. परदेशी जाण्यापूर्वी नावावर असलेली जमीन त्यास ठेवता येते आणि वारसाहक्काने आलेलीही. अशी शेतजमीन पुढे विकायची झाल्यास खरेदीदार भारतात राहणारा भारतीय नागरिकच असावा लागतो.

यावर ‘पैसे मुलाचे, सातबारा वडिलांचा’ हा मार्ग सुचविला जातो. तो वाटतो तितका निर्धोक नाही. रक्कम खरोखरच वडिलांना भेट दिली असेल, तर जमीन वडिलांचीच होते. मृत्युपत्र नसल्यास ती पुढे सर्व भावंडांत, बहिणींसह, वाटली जाते. जमीन मनातून मुलाचीच आणि नाव केवळ वडिलांचे असा व्यवहार असेल, तर तो २०१६ साली कठोर झालेल्या बेनामी व्यवहारविरोधी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. घरातल्या घरातला व्यवहार म्हणून याकडे सहसा दुर्लक्ष होते आणि वाद उभा राहतो तो फेरफाराच्या वेळी.

जमीन नाही तर ठेव, हा दुसरा पर्याय. येथे व्याजदरापेक्षा विनिमय दर महत्त्वाचा. २००७ च्या अखेरीस एका डॉलरला ४० रुपयांहूनही कमी मोजावे लागत होते. ऑगस्ट २०१३ मध्ये हा दर ६८ रुपयांपर्यंत गेला, तर डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी बांधलेला असल्याने दुबईतील पगारालाही हेच गणित लागू पडते. गावी पैसे मागविणाऱ्या कुटुंबास ही घसरण लाभाची. परंतु मुलगा ती रक्कम कधी परत बाहेर नेणार असेल, तर तोटा त्याचाच.

म्हणूनच बँकांतील खात्यांमधील भेद जाणून घ्यावा लागतो. एनआरई खाते रुपयांत असते. व्याज भारतात करमुक्त असले तरी रुपया घसरल्याची झळ ठेवीदारास बसते. एफसीएनआर ठेव एक ते पाच वर्षांसाठी परकीय चलनातच राहते आणि तिचेही व्याज येथे करमुक्त असते. शेतीचे, भाड्याचे वा अन्य भारतीय उत्पन्न एनआरओ खात्यात जमा होते. त्यावरील व्याजातून ३० टक्के दराने, अधिभार व उपकर वेगळा, कर कापला जातो. मालमत्ता विक्रीची व अन्य शिल्लक रक्कम आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. जुने साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमबाह्य असून ते एनआरओमध्ये बदलून घ्यावे लागते. नवे पीपीएफ खातेही अनिवासीस उघडता येत नाही.

‘करमुक्त’ हा शब्द मात्र भारतापुरताच खरा. अमिरातीत वैयक्तिक आयकर नाही. अमेरिका आपल्या करनिवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते. त्यामुळे एनआरई ठेवीचे व्याज आणि लाखांदूरच्या बांधीतील, भारतात करमुक्त असलेले धानाचे उत्पन्न, दोन्ही तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते. परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात केव्हाही १० हजार डॉलरपेक्षा अधिक झाल्यास त्याची स्वतंत्र माहितीही द्यावी लागते. वडिलांच्या बचत खात्यावर मुलाचे नाव जोडलेले असेल, तर तेही खाते या हिशेबात येते.